रीफिलनंतर दोन दिवस नीट, मग पुन्हा पांढऱ्या रेघा: इंकजेट कार्ट्रिजचं घरच्या घरी निदान

शाई भरली, पहिली चार पानं झकास आली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अक्षरांमधून आडव्या पांढऱ्या रेघा. मग पुन्हा शाई, पुन्हा क्लीनिंग, पुन्हा तेच. सोलापुरात ही तक्रार जूनमध्ये वाढते आणि त्याला साधं कारण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, हवा कोरडी, शाळा-कॉलेजला सुट्टी, म्हणून प्रिंटर पडून. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज आणि दाखले छापायची घाई होते तेव्हा कार्ट्रिजच्या पोटात शाई असते, पण तोंड वाळलेलं असतं. अशा कार्ट्रिजमध्ये आणखी शाई भरली की आधीचा बिघाड तसाच राहतो आणि वर गळतीचा नवा सुरू होतो.

शाई संपणं हे बऱ्याच कारणांपैकी एक. नोझल (शाई बाहेर फेकणारी बारीक भोकं) वाळणं, आत हवा अडकणं, रंग एकमेकांत मिसळणं, नोझल जळणं आणि कार्ट्रिजला प्रिंटरशी जोडणाऱ्या सोनेरी टिकल्यांचा संपर्क तुटणं ही बाकीची. प्रत्येकाची खूण वेगळी आहे. ती न बघता थेट सिरिंज हातात घेतली की तोच प्रकार पुन्हा पुन्हा होत राहतो.

खालचं सगळं हेड, म्हणजे नोझल असलेला भाग, कार्ट्रिजवरच असलेल्या प्रिंटरसाठी आहे: एचपीच्या ८०२, ८०३, ८०५, ६७८, ६८०, ६८२ आणि कॅननच्या पीजी-७४५, सीएल-७४६, पीजी-४७, सीएल-५७ या कार्ट्रिज. कार्ट्रिजच्या पाठीवर सोनेरी टिकल्या आणि तळाला बारीक चपटी पट्टी दिसली, की ती या जातीची. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरचं हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं. त्याबद्दल शेवटी थोडं.

आधी खूण बघा

प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधून नोझल चेक किंवा डायग्नोस्टिक पान छापा. मग कार्ट्रिज काढा. टिश्यू पेपरची चौपदरी घडी किंचित ओली करा आणि त्यावर तळाची पट्टी दोन-तीन सेकंद सरळ दाबून उचला. घासू नका. काळ्या कार्ट्रिजचा एक गडद पट्टा उमटायला हवा, रंगीतचे तीन वेगळे पट्टे. आता छापलेलं पान आणि टिश्यू शेजारी ठेवा.

टिश्यूवर काहीच नाही किंवा तुटक ठिपके, पण कार्ट्रिज हाताला जड लागते: तोंड वाळलंय. शाई भरू नका, आधी सफाई.

पानाच्या वरचा भाग छान, मधे गेल्यावर फिकट, आणि दहा मिनिटं थांबून छापलं की पुन्हा छान: शाई आहे, पण ती खाली उतरेनाशी झालीय. वरची हवेची भोकं बंद झालीत किंवा हेडच्या आतल्या जाळीपाशी बुडबुडा अडकलाय. रीफिलनंतर भोकांवर सेलोटेप गच्च लावली की हमखास हेच होतं. शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती येईना, की आत निर्वात तयार होऊन शाई मागे ओढली जाते. दुकानातून भरून आणलेल्या कार्ट्रिजच्या बऱ्याच तक्रारी टेप सैल केल्यावर मिटतात.

पिवळा हिरवट, गुलाबी जांभळट, टिश्यूवरचे पट्टे एकमेकांत शिरलेले: एखादा कप्पा ओसंडलाय, किंवा कार्ट्रिज आडवी ठेवली गेलीय.

टिश्यूवर पट्टा भरघोस, पण पानावर त्याच जागी त्याच रेघा कायम गायब, सफाईनंतरही: ते नोझल जळालेत. या हेडमध्ये प्रत्येक नोझलमागे सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. हीटर थंड ठेवायचं कामही शाईच करते. शाई संपल्यावरही 'अजून एक पान निघेल' म्हणून छापत राहिलं की हीटर कोरडे तापतात आणि जातात. याला घरी किंवा दुकानात कुठेच इलाज नाही. म्हणून कार्ट्रिज पूर्ण रिकामी होण्याआधी, छपाई पहिल्यांदा फिकी वाटली त्याच दिवशी भरायची.

एक संपूर्ण रंग नाही, किंवा प्रिंटर कार्ट्रिज ओळखतच नाही, पण टिश्यू उत्तम: आधी टिकल्या पुसा. कार्ट्रिजवरच्या आणि ती बसते त्या खाचेतल्याही.

उभ्या रेघा दुहेरी किंवा दातेरी दिसत असतील तर ते अलाइनमेंटचं, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधून कार्ट्रिजची जुळणी करायचं काम. कार्ट्रिजला हात लावायची गरज नाही.

हाताच्या अंदाजापेक्षा काटा बरा. खिशात मावणारा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा असेल तर नवी कार्ट्रिज आणल्याबरोबर तिचं वजन करून मार्करने अंगावर लिहून ठेवा. शाईचा १ मिली म्हणजे जवळपास १ ग्रॅम, किंचित जास्त. पुढे कधीही वजन केलं की आत किती उरलंय हे कळतं आणि भरताना थांबायचं कुठे हेही. रीफिलनंतर प्रिंटरचा शाईचा आकडा खोटाच असतो, त्यामुळे या काट्यावरच भिस्त.

वाळलेलं तोंड सोडवणं

पाण्यापासून सुरुवात. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच क्षार नोझलमध्ये बसतो, आणि ते भोक केसाहूनही बारीक असतं. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. बाटलीवर नीट वाचा, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही मिळतं. नाहीतर मेडिकलमधून इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्याची छोटी कुपी आणा, १० मिली पुरतं.

पाणी बोटाला सोसेल इतकं गरम करा, ४५ ते ५० अंश. उकळतं पाणी ओतलं तर पट्टीखालचा चिकट थर सुटतो आणि कार्ट्रिज कायमची गळू लागते. बशीत टिश्यूची घडी अंथरा, वर पाणी २-३ मिलिमीटरच ठेवा. कार्ट्रिज तोंड खाली करून उभी ठेवा. टिकल्या पाण्याला लागता कामा नयेत. रंगीतला ५ मिनिटं, काळीला १०. काळीला जास्त वेळ लागतो कारण यातल्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण, आणि रंगीत शाई डायची, पाण्यात विरघळलेली. वाळलेला डाय पाण्याने परत सुटतो. पिगमेंटचा थर मऊ व्हायला वेळ घेतो.

मग कोरड्या टिश्यूवर दाबून धरा. कागद शाई ओढून घेतो. पट्टा पूर्ण उमटेपर्यंत हे जास्तीत जास्त तीनदा. तरीही नाही आला तर ओढणी: रीफिल किटमध्ये रबरी तोंडाची क्लिप येते, ती नोझलवर बसवून सुई काढलेली सिरिंज लावा आणि दट्ट्या हळूहळू मागे घ्या. आधी फेस येईल, मग सलग शाई. अर्धा मिली सलग शाई आली की थांबा. क्लिप काढायच्या आधी दट्ट्या पुढे ढकलू नका. हवा आणि मिसळलेली शाई परत नोझलमध्ये जाते. रंगीत कार्ट्रिजमध्ये क्लिपखाली तिन्ही रंग एकत्र येणारच, म्हणून क्लिप काढल्याबरोबर तोंड टिपून घ्या आणि प्रिंटरमधून एकदा क्लीनिंग चालवा.

क्लिप नसेल आणि दुखणं काळ्या कार्ट्रिजचं असेल, तर ती टिश्यूत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, तोंड बाहेरच्या दिशेला ठेवायचं आणि हात गोल फिरवून चार-पाच जोरकस झटके द्यायचे. अडकलेला बुडबुडा मागे सरकतो. रंगीतवर हा प्रयोग अजिबात नको.

तोंडाने फुंकणं, टाचणीने नोझल टोकरणं, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर: यातलं काहीही वापरू नका. स्पिरिटने पिगमेंटची शाई फाटते, दूध फाटावं तशी, आणि गुठळी आतच बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त टिकल्यांवर, तेही कापसाच्या काडीला चार थेंब. पुसल्यावर दहा मिनिटं सुकू द्या.

पुसायला कापड कोणतं, यावर सोलापुरात मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरात टॉवेलची कमी नसते. टेरी टॉवेल, नॅपकिन, चादरीचा तुकडा, यातलं काहीच नको. पाणी ते छान टिपतात, पण तंतू सोडतात. चष्मा पुसायचं कापड किंवा साधा पांढरा टिश्यू चालतो.

भरताना

काळीसाठी पिगमेंटची शाई, रंगीतसाठी डायची, आणि आधी जी भरली तीच पुढेही. दोन जातींच्या काळ्या शाया एकत्र आल्या तर जेलीसारख्या घट्ट होऊ शकतात. आत काय आहे हे माहीत नसेल तर एक काळी रेघ छापा, पूर्ण सुकू द्या, वर पाण्याचा थेंब टाका. पसरली तर डाय, जागच्या जागी राहिली तर पिगमेंट.

सिरिंज ५ मिलीची, सुई २१ किंवा २२ गेजची. मेडिकलमध्ये हिरव्या किंवा काळ्या बुडाची मागा. जांभळ्या बुडाची २४ गेज बारीक पडते आणि जोर लावताना अंदाज चुकतो. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज, धुऊन वापरणं नको.

वरचं लेबल एका कडेने सोलून पूर्ण काढा आणि कोरड्या प्लॅस्टिकवर चिकटवून ठेवा, नंतर लागणार आहे. काळीला बहुतेक मधलं मोठं भोक शाईचं असतं. रंगीतला तीन भोकं, पण कुठल्या भोकाखाली कुठला रंग हे मॉडेलनुसार बदलतं. इंटरनेटवरच्या चित्रावर विसंबू नका. तीन वेगळ्या दातकोरण्या घाला, पांढऱ्या टिश्यूवर टेका, रंग बघा. निळा आणि गुलाबी दोन्ही काडीवर काळपटच दिसतात. टिश्यूवर पसरल्यावरच फरक कळतो.

सुई आतल्या शाई धरणाऱ्या स्पंजमध्ये खाली जाईपर्यंत घाला, तळाला टेकल्यासारखी वाटली की ३-४ मिलिमीटर वर घ्या. तळाशी बारीक जाळी आहे, ती फाटली तर कार्ट्रिज गेली. शाई खालून वर भरत आली पाहिजे, म्हणजे हवा वरच्या वर निघून जाते. वेग १ मिलीला निदान अर्धा मिनिट. घाईने ढकललेली शाई स्पंजच्या कडेने पळते आणि मधे कोरडा गोळा राहतो; तोच पुढे 'अर्ध्या पानानंतर फिकट' हा त्रास देतो.

किती? साध्या काळीला ३ मिलीपासून सुरू करा, एक्सएल (जास्त शाई मावणारी) असेल तर ६ ते ८. रंगीतच्या प्रत्येक कप्प्यात १ ते दीड. पहिलं लिहून ठेवलेलं वजन असेल तर हे आकडे विसरा आणि त्या वजनाच्या १ ग्रॅम अलीकडे थांबा. भोकाशी शाई चमकली म्हणजे जास्त झालं. तिथूनच अर्धा मिली परत ओढून घ्या. स्पंजचा वरचा थर किंचित कोरडा राहिला तरच शाई आत धरून राहते. तोंडातून आपोआप थेंब पडू लागले तर तेही जास्त भरल्याचंच लक्षण. त्यासाठी टेप लावू नका, शाई काढा.

भरून झाल्यावर लेबल जागेवर परत बसवा. लेबलखालच्या प्लॅस्टिकवर नागमोडी खाचा दिसतात, त्या भोकांना बाहेरच्या हवेशी जोडतात. लेबल वाकडं बसलं तरी चालेल, खाचेचं टोक उघडं राहिलं पाहिजे. लेबल फाटलं असेल तर सेलोटेपचा तुकडा लावून प्रत्येक भोकावर टाचणीने एक छिद्र पाडा. तोंड टिपून, कार्ट्रिज सरळ उभी, टिश्यूवर, अर्धा ते एक तास. मग प्रिंटरमध्ये. क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा; प्रत्येक वेळी ते शाई उपसून टाकतं.

तरीही परत परत होतंय? कार्ट्रिज सोडा, प्रिंटरकडे बघा

वरचं सगळं नीट करूनही दोन-तीन दिवसांनी रेघा परत येतात तेव्हा दोष बहुधा टोपीचा असतो. प्रिंटर बंद होताना कार्ट्रिज उजव्या टोकाला जाऊन रबराच्या दोन टोप्यांवर बसतात. हवा लागू नये म्हणून ती सोय. टोपीच्या कडेवर वाळलेल्या शाईची कड जमली, की फट राहते आणि रात्रभरात नोझल वाळतात. मेमधल्या सोलापुरी हवेत तर एक दुपार पुरे.

सफाई अशी: झाकण उघडा, कार्ट्रिज मध्यभागी आल्या की तिथेच वीज काढा, दोन्ही कार्ट्रिज काढून त्या बसतात ती सरकती गाडी हाताने अलगद डावीकडे सरकवा. उजव्या टोकाला काळ्या, गुळगुळीत कडांच्या टोप्या दिसतील, शेजारी रबराची पुसणी. कापसाची काडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवून टोप्यांच्या कडा आणि पुसणी पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. पाणी ओतू नका, रबर नखाने खरवडू नका. टोपीवर धागा किंवा केस असेल तर चिमट्याने उचला. एवढाही सील सोडायला पुरतो. हे काम दर दोन-तीन महिन्यांनी.

दुसरं कारण भिंतीवरच्या बोर्डाचं. काम झालं की बोर्डाचा खटका पाडायची सवय चांगलीच, पण प्रिंटरच्या बाबतीत आधी त्याचं स्वतःचं बटण, मग पंधरा-वीस सेकंद थांबून खटका. थेट खटका पाडला आणि कार्ट्रिज मधेच असतील तर त्या टोपीविना उघड्या राहतात. छापता छापता लाईट गेली तरी हेच. वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणानेच बंद करा.

तिसरं, तंतू. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला, जिथे घराला लागूनच यंत्रमाग चालतात, तिथे हवेत सुताचा भुगा असतो. तो कागदाबरोबर आत जातो आणि पुसणीवर बोळा होऊन बसतो. मग पुसणी नोझल पुसायच्या ऐवजी त्यांच्यावर तो बोळा फिरवते. अशा घरात प्रिंटर वापरात नसताना झाकायचाच, पण प्लॅस्टिकच्या कव्हरने. धूळ बसू नये म्हणून वर सोलापुरी चादर टाकलेले प्रिंटर बरेच दिसतात. चादरीचा भुगा थेट कागदाच्या ट्रेमध्ये पडतो. उघड्या ट्रेमध्ये कागदाची थप्पीही ठेवू नका.

कूलरच्या झोतासमोरही प्रिंटर नको. दमट हवेने कागद लहरतो, अक्षरांच्या कडा फुटतात आणि दोष पुन्हा शाईवर ढकलला जातो.

उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी, एरवी आठवड्यातून एकदा, चारही रंगांचा थोडाथोडा पट्टा असलेलं एक पान छापा. क्लीनिंगपेक्षा यात कमी शाई जाते. महिनाभर गावाला जायचं असेल तर कार्ट्रिज काढून तोंडाला टेप लावून ठेवण्यापेक्षा त्या प्रिंटरमध्ये, बटणाने बंद करून, टोपीवरच राहू द्या. टेपचा गोंद नोझलमध्ये उतरतो.

मेसेज येतात त्यांचं काय

'वापरलेली किंवा रीफिल केलेली कार्ट्रिज' असा एचपीचा मेसेज आला की ओके करून पुढे जा. पातळी रिकामी दाखवेल, छपाई चालते. कॅननमध्ये शाई संपल्याची सूचना अडवत असेल तर स्टॉपचं बटण ५ सेकंदांहून जास्त दाबून धरा. पातळी मोजणं बंद होतं आणि काम पुढे चालतं. त्यानंतर शाईवर लक्ष ठेवणं तुमच्याकडे, प्रिंटर सावध करणार नाही. दुसऱ्याच्या प्रिंटरमधून आणलेली एचपी कार्ट्रिज 'प्रोटेक्टेड' म्हणत असेल तर ती त्या मशीनशी बांधलेली आहे, भरून उपयोग नाही.

एक कार्ट्रिज सफाईला काढली म्हणून काम अडत नाही. या एचपी मॉडेलपैकी बरीच एकाच कार्ट्रिजवर छापतात. काळी नसेल तर रंगीतमधून गडद करडा मजकूर निघतो, अर्जाला पुरेसा.

थांबायचं कधी: तीन वेळा कोमट पाणी, एकदा ओढणी आणि दोन क्लीनिंग यानंतरही त्याच जागी त्याच रेघा असतील तर नवी आणा. तीच कार्ट्रिज चार-पाचदा भरून झाली असेल तर पहिल्या त्रासालाच आणा. हीटर झिजतात, आणि शाई-टिश्यू-वेळ यांचा हिशेब नव्या कार्ट्रिजच्या वर जायला वेळ लागत नाही.

टाकीवाल्या एप्सनला यातली बशी, क्लिप, झटके काहीही लागू नाही. नोझल चेक आणि हेड क्लीनिंग आलटून पालटून तीनदा, मग प्रिंटर बंद करून १२ तास तसाच, मग पुन्हा एक चेक. लागोपाठ दहा क्लीनिंग मारली तर वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये जाते, आणि ते पॅड भरल्याचा संदेश आला की मशीन सर्व्हिसला न्यावं लागतं.